रेट्रोफिटनंतर एक्स अक्षाचे कपलिंग पुन्हा पुन्हा का जाते? नवे मागवण्यापूर्वी काय तपासावे

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात व्हॉल्व्ह बॉडीच्या कास्टिंगवर काम करणारे एक जुने व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे संगणक-नियंत्रित मिलिंग मशीन) आहे. त्याचा जुना कंट्रोलर आणि डीसी सर्व्हो मोटरी काढून तेथे नवा कंट्रोलर व एसी सर्व्हो मोटरी बसवण्याचे काम, म्हणजेच रेट्रोफिट, आमच्याकडे होते. मशीन ठरल्या दिवशी सुरू झाले, पहिले जॉब मापात आले, आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत एक्स अक्षावर चौथे कपलिंग, म्हणजे मोटरचा शाफ्ट आणि टेबल सरकवणारा स्क्रू यांना जोडणारा भाग, बसवण्याची वेळ आमच्यावर आली. पहिली तीन का गेली आणि चौथे कसे निवडले, हे येथे क्रमाने लिहीत आहे. जुन्या मशीनला नवी मोटर लावणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला यातला एखादा तरी टप्पा येतो.

तक्रार सुरुवातीला कपलिंगची नव्हतीच. एका जॉबवरील दोन बोअरमधले अंतर बरोबर येत होते, परंतु दोन्ही बोअर मिळून एक्स दिशेने सरकलेले असत. ऑपरेटर रोज सकाळी पहिला जॉब मोजून जी ५४ ऑफसेटमध्ये (जॉबचे शून्य कोठे धरायचे ते सांगणाऱ्या आकड्यात) दुरुस्ती करी आणि ती दुरुस्ती पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवी. आम्ही गेलो तेव्हा त्या दारावर ०.०२, ०.०४, ०.०३, ०.०५ अशी उतरंड लागलेली होती आणि प्रत्येक आकड्यापुढे वजाचे चिन्ह होते. निदानाचे अर्धे काम त्या दारानेच केले, असे म्हटले तरी चालेल. बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारा ढिलेपणा, असता तर माप पुढे-मागे झाले असते, आणि दिशा बदलल्यावर येणारी चूक रोज साधारण तेवढीच राहिली असती. उष्णतेने स्क्रू वाढत असता तर चूक दुपारपर्यंत वाढून रात्रीत मशीन थंड झाल्यावर परत फिरली असती. येथे चूक एकाच दिशेने साठत होती आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केले तरी मागे येत नव्हती. अशा वेळी कुठेतरी काहीतरी घसरत आहे, हाच पहिला संशय घ्यावा.

रेफरन्स घेतल्यावरही (अक्ष ठरलेल्या शून्यावर नेऊनही) चूक का जात नाही, हा प्रश्न कारखान्याच्या व्यवस्थापकांनी विचारला आणि तो रास्त होता. मोटर किती फिरली ते मोजणारा एन्कोडर मोटरच्या मागे असतो. अक्ष रेफरन्सला जातो तेव्हा आधी डॉग नावाच्या ठोकळ्याने स्विच दाबला जातो आणि त्यानंतर एन्कोडरचा दर फेऱ्याला एकदा येणारा जो मार्कर पल्स मिळतो, त्यावर शून्य धरले जाते. मोटरचा शाफ्ट कपलिंगच्या हबमध्ये (शाफ्ट धरणाऱ्या टोकात) एक अंश घसरला, तर तो मार्करही स्क्रूच्या तुलनेत एक अंश हलतो, आणि १० मिमी पिचच्या (एका फेऱ्यात टेबल १० मिमी सरकवणाऱ्या) स्क्रूवर एक अंश म्हणजे टेबलावर ०.०२८ मिमी. म्हणून रेफरन्स कितीही वेळा घेतला तरी चुकलेलेच शून्य पुन्हा मिळते. घसरण वाढत जाऊन मार्कर डॉगच्या काठाशी पोहोचला, तर एखाद्या सकाळी शून्य एकदम पूर्ण पिचने, म्हणजे १० मिमीने उडते. तसे झाले की लोक स्विच बदलतात, डॉग सरकवतात आणि कपलिंगकडे कोणी पाहतही नाही.

पहिले कपलिंग आणि हळदीसारखी भुकटी

पहिले कपलिंग जॉ प्रकारचे होते: दातांचे दोन ॲल्युमिनियम हब आणि मध्ये पॉलियुरेथेनचा पिवळा, पाकळ्यांचा स्पायडर. या स्पायडरचा रंग बहुतेक उत्पादक कडकपणाप्रमाणे ठेवतात. पिवळा म्हणजे साधारण ९२ शोअर ए (कडकपणाचे माप), लाल म्हणजे ९८ शोअर ए. नव्या मोटरचा शाफ्ट २४ मिमीचा, की (शाफ्टमध्ये बसणारी पाचर) नसलेला, गुळगुळीत होता. स्क्रूचे टोक २० मिमीचे आणि की-वे (कीची खाच) असलेले होते. म्हणून मोटरकडचा हब क्लॅम्पचा आणि स्क्रूकडचा हब की व ग्रब स्क्रूचा (शाफ्टवर टेकवून आवळायच्या बिनडोक्याच्या स्क्रूचा) घेतला. बोअर जुळले, बाहेरचा व्यास ब्रॅकेटमध्ये बसला, आणि निवड झाली असे आम्ही मानले. ही आमची पहिली चूक.

क्लॅम्प उघडल्यावर शाफ्टवर चकचकीत घासलेला पट्टा आणि तांबूस-काळी पूड दिसली. हब घसरल्याची याहून स्पष्ट खूण नाही. कारण शोधताना लक्षात आले की नव्या मोटरच्या शाफ्टवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून येणारा तेलकट थर असतो, आणि आमच्या माणसाने तो न पुसताच हब चढवला होता. क्लॅम्पचा बोल्टही टॉर्क रेंचने न आवळता नुसत्या ॲलन कीने, हाताच्या अंदाजाने आवळलेला होता. क्लॅम्प हब केवळ घर्षणावर टॉर्क पेलतो. त्या घर्षणातून तेलाने एक वाटा काढून घेतला आणि कमी आवळलेल्या बोल्टने दुसरा. स्क्रूकडच्या बाजूला ग्रब स्क्रूने शाफ्टवर खड्डा पाडला होता, आणि दिशा दर वेळी बदलत असल्यामुळे की आपल्या खाचेत खुळखुळू लागली होती. पंप किंवा कन्व्हेयरवर की व ग्रब स्क्रू वर्षानुवर्षे चालतात. सर्व्हो अक्ष मिनिटाला अनेकदा उलटतो, तेथे ही जोडणी टिकत नाही.

ब्रॅकेटच्या तळाशी पिवळ्या रंगाची बारीक भुकटी साचलेली होती, अगदी हळद सांडल्यासारखी. आम्ही ती कॉटन वेस्टने पुसून टाकली. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. स्पायडर जास्त टॉर्कने जातो तेव्हा त्याच्या पाकळ्या एका बाजूने दबतात, फाटतात. कूलंट किंवा तेल मानवले नाही तर तो फुगतो, मऊ होतो, बोटाला चिकटतो. पाकळ्या शाबूत राहून सगळीकडून भुकटी पडत असेल, तर दोन शाफ्ट एका रेषेत नाहीत आणि प्रत्येक फेऱ्यात जॉ स्पायडरवर घासत आहेत, असा त्याचा अर्थ. ती भुकटी वाचली असती, तर पुढची दोन कपलिंग वाचली असती.

दुसरे आणि तिसरे

घसरण आणि की, दोन्ही एकदम मिटवण्यासाठी दुसऱ्या वेळी दोन्हीकडे क्लॅम्प असलेले धातूचे बेलोज (भात्यासारख्या वळ्यांचे) कपलिंग घेतले. शाफ्ट पुसले, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. ऑफसेट सरकणे त्या दिवसापासून थांबले. सात आठवड्यांनी एक्स अक्ष चालेनासा झाला. मोटर फिरत होती आणि टेबल जागच्या जागी होते. बेलोजच्या मोटरकडच्या पहिल्याच वळीत, परिघाभोवती, वस्तऱ्याने कापल्यासारखी सरळ चीर गेली होती.

विक्रेत्याचे म्हणणे पडले की कपलिंगवर जास्त भार येत आहे, एक माप मोठे घ्या. आम्हालाही ते पटले. मोठ्या मापाचे बेलोज ब्रॅकेटमध्ये लांबीला बसेना, म्हणून कमी वळ्यांचे आखूड रूप घेतले. ते पाच आठवड्यांत गेले. मोठे माप आधी तुटले, आणि तेथे आमचा ओव्हरलोडचा तर्क संपला.

तुटलेल्या तुकड्याकडे आधीच नीट पाहिले असते तर हा फेरा टळला असता. जास्त टॉर्कने गेलेले बेलोज पिळवटलेले असते. त्यावर तिरक्या, साधारण ४५ अंशांच्या सुरकुत्या पडतात, पिळलेल्या ओल्या कपड्यासारख्या. वळीच्या मुळाशी गोल फिरलेली, कडा न वाकलेली चीर ही वाकण्याच्या थकव्याची चीर असते. शाफ्ट एका रेषेत नसतील तर प्रत्येक फेऱ्यात बेलोज एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला वाकते. आमचा रॅपिड (कापत नसतानाचा सर्वाधिक वेग) मिनिटाला १५ मीटर आहे, म्हणजे १० मिमी पिचवर १,५०० फेरे. त्या वेगाने एक तास फिरले की वाकण्याची ९० हजार आवर्तने होतात आणि सुमारे १११ तासांत एक कोटी. याचा मोटरच्या लोड मीटरवर मागमूसही दिसत नाही, कारण वाकण्याला टॉर्क जवळजवळ लागतच नाही. आमचा मीटर पहिल्या दिवसापासून ३५ टक्क्यांच्या वर गेलेला नव्हता. डिस्क प्रकारच्या कपलिंगमध्ये अशी चीर पत्र्यांच्या बोल्ट-भोकाजवळ, वॉशरच्या काठाला सुरू होते. सर्पिल कापाच्या कपलिंगमध्ये ती काप जेथे संपतो तेथून निघते.

मोजमाप

तिसरे कपलिंग काढल्यावर नवे न मागवता आम्ही मोजायला बसलो. मोटर जागेवर ठेवली, वीज बंद केली, स्क्रूच्या टोकावर छोटा क्लॅम्प बांधून त्यावर लिव्हर डायल धरला, त्याची सुई मोटरच्या स्थिर शाफ्टवर टेकवली आणि स्क्रू हाताने सावकाश पूर्ण फिरवला. डायलने एकूण ०.२६ मिमी दाखवले. येथे एक गोष्ट अनेकदा चुकते, म्हणून स्पष्ट लिहितो: डायलवरचे एकूण वाचन हे दोन अक्षांमधील अंतराच्या दुप्पट असते. म्हणजे दोन शाफ्ट एकमेकांपासून ०.१३ मिमी बाजूला होते. त्यानंतर सुई मोटर फ्लँजच्या (मोटर बसवायच्या कडेच्या) तोंडावर लावली. १०० मिमी व्यासावर ०.०४ मिमी आले, म्हणजे कोन अंशाच्या चाळिसाव्या भागाहूनही लहान. कोनाचा दोष नव्हता.

दुसऱ्या कपलिंगच्या कॅटलॉगात समांतर विचलनाची मर्यादा ०.१५ मिमी, कोनाची १ अंश आणि अक्षीय ०.५ मिमी दिलेली होती. ०.१३ हे ०.१५ च्या आत आहे, मग ते तुटले का? कारण या तीन मर्यादा एकाच वेळी पूर्ण वापरता येत नाहीत. प्रत्येक विचलन आपल्या मर्यादेच्या किती टक्के आहे ते काढायचे आणि तिन्हींची बेरीज शंभराच्या आत ठेवायची. आमचे समांतर विचलन ८७ टक्के होते, कोन २ टक्के. अक्षीय किती, हे कळण्यासाठी बसवतानाची हकीकत आठवावी लागली. आमच्या माणसाने दोन्ही क्लॅम्प आधी आवळले होते आणि मोटर फ्लँजचे चार बोल्ट नंतर घट्ट केले होते. त्या आवळण्यात मोटर पुढे आली आणि बेलोज सुमारे ०.३ मिमी दबले, म्हणजे ६० टक्के. बेरीज जवळपास दीडशे. प्रत्येक आकडा वेगवेगळा पाहिला तर निर्दोष, आणि मिळून बेलोज सात आठवड्यांत संपवणारे. तिसऱ्या, आखूड कपलिंगची समांतर मर्यादा ०.१० मिमीच होती. ते पहिल्याच अटीत नापास होते.

हे ०.१३ मिमी आले कोठून? नव्या मोटरचा स्पिगॉट (तोंडावरचा गोल उंचवटा) जुन्या ब्रॅकेटच्या बोअरमध्ये बसत नव्हता, म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट घातली होती. ती आमच्याच लेथवर झाली होती. एका बाजूचा स्पिगॉट वळून झाल्यावर प्लेट चकमध्ये उलटी धरली आणि दुसऱ्या बाजूचा बोअर केला. तीन जबड्यांच्या जुन्या चकमध्ये काम उलटे धरल्यावर केंद्र जेवढे हलते तेवढे हलले. दोष मोटरचा नव्हता, कपलिंगचा नव्हता आणि ज्याला आम्ही दोन आठवडे बोल लावत होतो त्या विक्रेत्याचाही नव्हता. मोटरही पूर्ण निर्दोष धरू नये, एवढे मात्र खरे. जर्मन मानक डीआयएन ४२९५५ प्रमाणे ११० ते १३० मिमी स्पिगॉटच्या मोटरला साध्या वर्गात शाफ्ट आणि स्पिगॉट यांच्या समकेंद्रीपणात ०.१ मिमी आणि अचूक वर्गात ०.०५ मिमी वाचनाची सूट असते. बेलोज वापरायचे असेल तर मोटर मागवतानाच अचूक वर्ग मागावा.

नवी प्लेट एकाच पकडीत केली, स्पिगॉटभोवती मुद्दाम थोडी मोकळीक ठेवली, मोटर डायल लावून हलक्या ठोक्यांनी केंद्रावर आणली आणि मगच डॉवेल पिना मारल्या. डायलचे वाचन ०.०३ मिमीवर आले, म्हणजे विचलन ०.०१५.

या बैठकीत आणखी एक तपासणी उरकून घ्यावी. कपलिंगवर आळ घेण्यापूर्वी स्क्रूला लांबीच्या दिशेने सरकू न देणारे थ्रस्ट बेअरिंग ढिले नाही ना, हे पाहावे. स्क्रूच्या मोकळ्या टोकाच्या सेंटर होलमध्ये ग्रीस लावून एक स्टीलची गोळी चिकटवावी, सपाट टोकाचा डायल त्या गोळीवर टेकवावा आणि हँडव्हीलने अक्ष दोन्ही दिशांना हलवावा. गोळी पुढे-मागे होत असेल तर लॉकनट किंवा बेअरिंगचा प्रीलोड गेला आहे, आणि कोणतेही कपलिंग ते झाकू शकत नाही. आमच्याकडे सुई ०.००२ मिमीच्या आत राहिली.

मग कोणते घ्यावे

कपलिंग मागवताना बहुधा बोअर, बाहेरचा व्यास आणि लांबी सांगितली जाते. टॉर्क विचारला तर मोटरवरील पाटीचा आकडा सांगतात, आणि रेट्रोफिटमध्ये येथेच फसगत होते. आमच्या नव्या मोटरचा सततचा टॉर्क १२ न्यूटन-मीटर असला तरी प्रवेग घेताना ती ३५ पर्यंत जाते. तो सगळा टॉर्क कपलिंगमधून जात नाही. त्याचा एक भाग मोटरचा स्वतःचा रोटर फिरवण्यात खर्च होतो, आणि उरलेला भाग जडत्वाच्या प्रमाणात पुढे जातो. आमचा ४० मिमी व्यासाचा, साधारण एक मीटर लांबीचा स्क्रू आणि जॉबसह ४०० किलोचे टेबल यांचे मिळून जडत्व सुमारे ०.००३ किलोग्रॅम-मीटर वर्ग भरते, आणि मोटरच्या रोटरचेही जवळपास तेवढेच आहे. म्हणून प्रवेगात कपलिंगवर निम्मा, म्हणजे १७ ते १८ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. टेबल कशावर तरी आदळून जागीच थांबले, तर मात्र पूर्ण ३५ आणि त्यावर रोटरमध्ये साठलेल्या गतीचा धक्का, असे दोन्ही कपलिंगवर येतात. म्हणून ६० न्यूटन-मीटरचे माप घेतले, आणि दुसऱ्या वेळी घेतलेले कपलिंगही याच मापाचे होते. ते माप पहिल्यापासून बरोबरच होते.

दुसरा प्रश्न ताठपणाचा. कपलिंग टॉर्कखाली किती पिळते, हे मोटरमागच्या एन्कोडरला दिसत नाही. पिवळ्या स्पायडरच्या त्या मापाचा स्थिर ताठपणा सुमारे १,५०० न्यूटन-मीटर प्रति रेडियन असतो. टेबलाच्या घर्षणाला ३ न्यूटन-मीटर लागत असतील, तर कपलिंग ०.००२ रेडियन पिळते, टेबलावर त्याचे ०.००३२ मिमी होतात, आणि दिशा उलटली की त्याच्या दुप्पट, म्हणजे सहा मायक्रॉनहून थोडे जास्त. ६० न्यूटन-मीटरच्या बेलोजचा ताठपणा ४० हजार धरला तर हीच चूक मायक्रॉनच्या पाव भागाइतकी उरते. गोल खिशाच्या चार टोकांवर, जेथे अक्ष उलटतो तेथे, हा फरक स्पर्शालाही जाणवतो.

मग ताठपणा जेवढा जास्त तेवढा चांगला का? येथे आमचा स्वतःचा समज बदलला. कपलिंगनंतर स्क्रू आहे आणि तोही पिळतो. गाभ्याचा व्यास ३४ मिमी आणि नटापर्यंतची लांबी एक मीटर धरली तर स्क्रूचा ताठपणा साडेदहा हजारांच्या आसपास येतो. दोन स्प्रिंगा एकापुढे एक जोडल्यावर मऊ स्प्रिंगेचेच चालते: ४० हजारांचे बेलोज आणि हा स्क्रू मिळून ८,३०० भरतात, आणि बेलोज दुप्पट ताठ, ८० हजारांचे घेतले तरी आकडा ९,३०० पर्यंतच जातो. दुप्पट ताठपणातून हाती लागते ते १२ टक्के, आणि त्यासाठी सोसावे लागते ते आखूड, वाकायला नाखूष आणि रेषेतील लहानशा चुकीलाही माफी नसलेले कपलिंग. आमचे तिसरे कपलिंग नेमके असे होते.

सर्व्होच्या गेनवरही (चूक दिसताच मोटर किती जोराने प्रतिसाद देते त्यावरही) याचा परिणाम होतो. वरच्याच आकड्यांवरून काढले तर बेलोज व स्क्रू मिळून अक्षाची पिळाची नैसर्गिक वारंवारता ३७५ हर्ट्झच्या जवळ येते. स्पायडर जलद कंपनांत स्थिर ताठपणाच्या साधारण तिप्पट ताठ वागतो, ते धरूनही त्याची वारंवारता २३० च्या आसपास राहते. बेलोजवर गेन अधिक वाढवता येतो, परंतु धातूला कंपन जिरवण्याची सवय नसते. स्पायडरवर शांत असलेला अक्ष बेलोज लावताच एखाद्या ठिकाणी शीळ घालू लागतो. अशा वेळी घाबरून गेन निम्मा करू नये. नव्या ड्राइव्हमध्ये ठरावीक वारंवारता दाबणारा नॉच फिल्टर असतो, तो त्या वारंवारतेवर लावावा. आम्हाला एकच फिल्टर लावावा लागला.

म्हणून चौथ्या वेळी दुसऱ्या वेळचेच बेलोज, त्याच मापाचे आणि तेवढ्याच वळ्यांचे मागवले. बदल दोन केले: दोन्ही बोअर एच ७ (नेमक्या मापाच्या) बसणीचे आणि थेट शाफ्टच्या मापाचे घेतले, आणि २० मिमी बोअरला क्लॅम्प किती टॉर्क पेलतो ते कोष्टकातून पाहून घेतले. एकाच मापाचा हब लहान बोअरवर पुष्कळ कमी टॉर्क धरतो, आणि कॅटलॉगच्या पहिल्या पानावरचा आकडा त्याबाबत काही सांगत नाही. दुकानात हवा तो बोअर नसला की मध्ये बुश घालून देण्याची पद्धत आहे. ती सर्व्हो अक्षाला स्वीकारू नये, कारण बुशचा रनआउट (फिरताना डुलणे) पुन्हा तेच दुखणे आणतो. थ्रीडी प्रिंटरसाठी मिळणारी सर्पिल कापाची ॲल्युमिनियम कपलिंग दिसायला सुबक आणि किमतीला हलकी असतात. एन्कोडर जोडायला ती उत्तम आहेत, परंतु चारशे किलोच्या टेबलाला ती लावलेली मी पाहिली आहेत आणि नंतर झाडून गोळा केलेलीही पाहिली आहेत.

जागेचा विचार मागवण्याआधीच करावा. जुन्या ब्रॅकेटला कोणत्या बाजूला खिडकी आहे आणि तिच्यातून ॲलन की व टॉर्क रेंचचे डोके क्लॅम्पच्या बोल्टपर्यंत सरळ पोहोचते का, हे कागदावर न ठरवता रेंच हातात घेऊन पाहावे. खिडकीच नसेल तर मोटरकडचा हब बाहेरच बसवून मोटरसह आत सरकवता येईल असे, दोन भागांत जोडले जाणारे कपलिंग घ्यावे लागते.

झेड अक्षाचा हिशेब वेगळा

एक्सवर बेलोज चालले म्हणून झेडवरही तेच लावू, असा आग्रह कारखान्याकडून झाला आणि आम्ही तो नाकारला. झेडचा ब्रेक मोटरमध्ये असतो. कपलिंग तुटले तर ब्रेक मोटरला धरून बसतो आणि स्पिंडल हेड स्क्रू फिरवत खाली येते. हेडचे वजन तोलणारा प्रतिभार असलेल्या मशीनमध्ये धोका कमी असतो, परंतु या मशीनवर प्रतिभार नव्हता. जॉ कपलिंगचा स्पायडर पूर्ण झिजला तरी दोन्ही हबचे दात एकमेकांत अडकलेले राहतात. माप बिघडते, खडखडाट होतो, पण हेड कोसळत नाही. म्हणून झेडवर लाल, ९८ शोअर ए स्पायडरचे जॉ कपलिंग दोन्हीकडे क्लॅम्प हबसह ठेवले आणि ताठपणात थोडी तडजोड स्वीकारली. त्या अक्षाचे कपलिंग सोडण्यापूर्वी हेडखाली लाकडी ठोकळा देणे हा आमच्याकडे नियम आहे, मग काम पाच मिनिटांचे का असेना.

बसवताना

शाफ्ट आणि बोअर दोन्ही थिनरने पुसून कोरडे केले. मोटर फ्लँजचे बोल्ट आधी पूर्ण आवळले, मग स्क्रूकडचा क्लॅम्प आवळला, मग स्क्रू हाताने दोन-तीन फेरे फिरवून बेलोज आपल्या सहज लांबीवर येऊ दिले, आणि शेवटी मोटरकडचा क्लॅम्प आवळला. बोल्टचा टॉर्क कॅटलॉगातला घेतला. बेलोज पकडून कपलिंग ओढणे किंवा ढकलणे कटाक्षाने टाळले; हात नेहमी हबवर. सगळे झाल्यावर डायल हबच्या बाहेरच्या व्यासावर लावून रनआउट पुन्हा पाहिला, कारण आवळताना हब तिरका धरला जाऊ शकतो.

शेवटी दोन्ही बाजूंना हबवरून शाफ्टवर जाणारी एक रेषा सुईने ओरखडली. मार्करची जाड रेघ येथे निरुपयोगी आहे: २४ मिमी शाफ्टवर एक अंश म्हणजे परिघावर जेमतेम ०.२ मिमी, आणि मार्करची रेघच एक मिमी रुंद असते. तेवढ्या रुंदीत टेबलाची ०.१३ मिमी घसरण सहज लपते. रेषेशेजारी हबवर तारीख लिहिली.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. ऑपरेटर महिन्यातून एकदा खिडकीचे झाकण उघडून टॉर्चने ती रेषा पाहतो. पॅनेलच्या दारावरचे जुने आकडे त्याने अजून पुसलेले नाहीत. त्यांच्याखाली नवा आकडा मात्र एकही लिहिलेला नाही. वाय अक्षाच्या ब्रॅकेटमध्ये गेल्या महिन्यात थोडी पिवळी भुकटी सापडली. त्या अक्षाची अडॅप्टर प्लेटही त्याच चकवर उलटी धरून केलेली होती. ती बदलण्यासाठी मशीन एक दिवस मागितले आहे.